पांढऱ्या पेशी कमी असताना अंगावर उठलेला डाग

"डास चावलेत ओ मॅडम. लई डास हायत इथं." मामींनी चादर बाजूला करून मामांची मांडी दाखवली. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या चार-पाच गाठी होत्या. दोन नुसत्याच जांभळट. एकीच्या मधोमध करडा ठिपका. गुडघ्याच्या वरची गाठ सगळ्यात जुनी, तिचा मध्य काळा पडून खोलगट झालेला आणि भोवती जांभळट कडं. मी बोट टेकवलं तर मामांनी पाय मागे ओढला. डास चावला तर खाज येते. ही गाठ दुखत होती.

मामा सोलापूर जिल्ह्यातले शेतकरी, गावाचं नाव लिहीत नाही. रक्ताचा कॅन्सर, केमोचा पहिला कोर्स होऊन तेरावा दिवस. अँटिबायोटिक चालू असूनही चार दिवस ताप हटत नव्हता. मी कातडीची डॉक्टर, त्यामुळे मला निरोप आला तो "अंगावर पुरळ आहे, बघून जा" एवढाच. सवयीप्रमाणे पायापासून बघायला लागले, तर उजव्या अंगठ्याचं नख पिवळट, जाड झालेलं आणि त्याच्या कडेची कातडी सुजून काळसर पडलेली.

"हे कधीपासून आहे?"

"नख तर वर्षभर खराबच हाय. दवाखान्यात यायच्या आदी तुरीत ठेच लागली. हळद भरली की."

अंगठ्याचा आणि मांडीचा संबंध काय, ते नीट सांगते. केमो चालू असलेला माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

बुरशी म्हटलं की आपल्याला गजकर्ण आठवतं, नायटा आठवतो, पाठीवरची शिबं आठवतात. ही बुरशी कातडीच्या वरच्या, मेलेल्या थरावर जगते. त्रास देते, खाज आणते, पण आत शिरत नाही. इथे मी बोलतेय ती वेगळी बुरशी आहे. ती रक्तात उतरते, फुप्फुस, डोळा, मेंदू, यकृत कुठेही जाते, आणि जाता जाता कातडीवर खूण सोडते. म्हणून मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणून अशा गाठीवर लावणं वाया जातं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असलं, आणि आपल्याकडे ते सर्रास असतं, तर खूण झाकली जाते आणि त्या जागची उरलीसुरली प्रतिकारशक्तीही दबते.

आता पेशींचं. पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल नावाची एक जात असते. जंतू दिसला की पहिली धाव तिची. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे, म्हणजे थेंबाच्याही लहानशा अंशात, या पेशी साधारण दोन ते सात हजार असतात. केमो कॅन्सरच्या पेशी मारते तशी हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या या पेशीही मारते. आकडा ५०० च्या खाली गेला की धोका सुरू होतो, १०० च्या खाली तो फारच वाढतो. डॉक्टर ज्याला एएनसी म्हणतात तो हाच आकडा. रिपोर्टवर तो वेगळा लिहिलेला नसला तर घरी काढता येतो: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी. मामांच्या रिपोर्टवर एकूण ८०० आणि न्यूट्रोफिल १० टक्के होते. म्हणजे ८०.

आकड्याइतकेच दिवसही मोजावे लागतात. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या केमोत पेशी थोडे दिवस खाली जातात आणि वर येतात. तिथे या बुरशीची भीती फार कमी, उगाच धसका घेऊ नका. रक्ताच्या कॅन्सरमध्ये, विशेषतः झपाट्याने वाढणाऱ्या अक्यूट ल्युकेमियात, पेशी दोन-तीन आठवडे तळाला राहू शकतात. दहा दिवस उलटले की बुरशीचा धोका चढत जातो. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेले आणि दीर्घकाळ जास्त डोसचं स्टेरॉइड घेणारे रुग्णही यातच येतात.

बुरशीचे बीजाणू तर आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो. जुन्या पोत्यातलं धान्य ओतताना, शेणखत पसरताना, कडबा हलवताना जी धूळ उडते तिच्यात ते भरलेले असतात. पेशी जागेवर असतात तोवर आपल्याला पत्ताही लागत नाही.

मामांच्या गाठीत जी निघाली तिचं नाव फ्युजेरियम. मातीत राहणारी बुरशी. मामांना हे नाव सांगून काही कळणार नव्हतं, म्हणून म्हटलं, "मामा, तुरीला मर लागते ना, ती याच घराण्यातली." ताप असूनही त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तूर आणि हरभरा पिकवणाऱ्या माणसाला मर समजावून सांगावी लागत नाही. जमिनीत ओल असते, तरी उभं झाड माना टाकतं. उपटून खोड उभं चिरलं की आत तपकिरी-काळ्या रेघा दिसतात. पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत बुरशी शिरलेली असते, त्या तुंबतात आणि वरचं झाड वाळतं.

माणसाच्या शरीरात ही बुरशी जवळजवळ हेच करते. ती रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत घुसते, तिथे रक्त गोठतं, वाहिनी बंद होते आणि तिच्यावर जगणारा कातडीचा तुकडा मरतो. मेलेली कातडी आधी करडी दिसते, मग काळी. गाठीच्या मधोमध काळं का पडतं, त्याचं उत्तर हे. भोवतीचं जांभळट कडं म्हणजे अजून जिवंत असलेली, सुजलेली कातडी. तुरीला मर लावणारी आणि माणसाला गाठणारी जात वेगळी असते, हेही सांगते, नाहीतर कुणी शेतात जायला घाबरेल. पेशी ठीक असलेल्या माणसाला शेतातल्या मातीची अशी भीती नाही.

फ्युजेरियम बहुतेक वेळा दोन वाटांनी शिरते. एक श्वासातून, दुसरी पायाच्या खराब नखातून किंवा जखमेतून. मामांच्या बाबतीत अंगठ्याचं दार उघडं होतं आणि पेशी कमी झाल्यावर राखणदार उरला नाही. ही बुरशी रक्तात पसरली की साधारण दहांतल्या सात जणांच्या अंगावर गाठी उठतात. एकाच वेळी सगळ्या अवस्था दिसतात, कोवळ्या गुलाबी गाठीपासून काळ्या खपलीपर्यंत, मामांच्या मांडीवर दिसल्या तशा.

कँडिडा नावाच्या दुसऱ्या बुरशीचं वागणं निराळं. ती बहुधा बाहेरून येत नाही, आपल्याच तोंडात आणि आतड्यात असते. केमोने तोंड येतं तसं आतड्याचं अस्तरही सोलवटतं आणि तिला रक्तात उतरायला वाट मिळते. पिक लाइन किंवा पोर्ट, म्हणजे औषध चढवण्यासाठी मोठ्या शिरेत बसवून ठेवलेली नळी, ही दुसरी वाट. रक्तात कँडिडा असलेल्या दहांतल्या एखाद्याच रुग्णाच्या अंगावर काही दिसतं, पण दिसलं तर ते बारीक, घट्ट, गुलाबी किंवा जांभळट पुटकुळ्यांच्या रूपात, पोटा-पाठीवर आणि हातापायांवर. कधी पाच-सहा, कधी मोजता येणार नाहीत इतक्या. खाज बहुधा नसते. ताप, अशा पुटकुळ्या आणि पोटऱ्या-मांड्यांचं ठणकणं ही तिन्ही एकत्र आली तर मी रक्ताच्या कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीची, वाट बघत बसत नाही. पेशंट "पाय फार भरून आलेत" म्हणतो आणि आपण ते अशक्तपणावर ढकलतो.

ॲस्परजिलस मुख्यतः फुप्फुसाची बुरशी. तिच्यातली एक जात आपल्या ओळखीची आहे: दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्यावर चढते ती हिरवट-पिवळी बुरशी. शेंगाचटणीच्या गावात ती कुणी पाहिली नाही असं होणार नाही. कातडीवर ती क्वचित येते, आणि आली तर बऱ्याचदा सलाईनच्या सुईपाशी किंवा चिकटपट्टीखाली, जिथे पट्टी ओढून कातडी खरचटलेली असते. म्हणून पट्टी बदलताना खाली काय आहे ते बघायचं. लाल चट्टा, मग पाण्याचा किंवा रक्ताळलेला फोड, मग काळी खपली, असा तिचा प्रवास दोन-तीन दिवसांत होऊ शकतो.

म्युकरची ओळख २०२१ मध्ये घराघराला झाली. कोविडनंतर मधुमेह आणि स्टेरॉइडमुळे ती इतकी वाढली की त्या वर्षी मे महिन्यात केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं. "काळी बुरशी" हे नाव तेव्हा रुळलं, पण म्युकर स्वतः काळी नसते. काळा असतो तो तिने मारलेला मांसाचा तुकडा. पेशी कमी असलेल्या कॅन्सरच्या रुग्णालाही ती होते: नाकाच्या बाजूला सूज, गालाला बधिरपणा, टाळूवर काळा डाग, एका डोळ्याला सूज. ही बुरशी तासांच्या हिशेबाने पसरते. टाळूवर काळं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

क्रिप्टोकॉकस ही कबुतरांच्या विष्ठेत आढळणारी बुरशी लिम्फोमाच्या, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात मध्ये खळगा असलेल्या, मेणासारख्या चकचकीत पुटकुळ्या आणते. गच्चीवर कबुतरांना दाणे घालण्याचं काम त्या काळात दुसऱ्या कुणीतरी करावं, एवढंच.

आता ज्या गोष्टीमुळे सगळ्यात जास्त घोळ होतो, ती सांगते. पू. घरचे लोक मला सांगतात, "पू नाही झाला मॅडम, म्हणजे साधंच असंल." पण पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिलचाच चिखल. ज्याच्या रक्तात न्यूट्रोफिलच नाहीत, त्याला पू होणार कुठून? सूज कमी, लाली कमी, गरमपणा कमी, पू नाही, आणि आत मात्र बुरशी पसरतेय, असं चित्र या रुग्णांत नेहमीचं आहे. त्यामुळे डाग किती भयंकर दिसतो यावर जाऊ नका. तो कालपर्यंत नव्हता आणि आज आहे, एवढं कारण दाखवायला पुरेसं आहे. दिसण्याच्या मानाने दुखणं जास्त असेल, तर आणखीच लवकर.

दुसरी अडचण रंगाची. पुस्तकांतले बरेच फोटो गोऱ्या कातडीचे असतात आणि त्यांत "लाल" लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर लाल हा लाल दिसत नाही. तो जांभळट, करडा, कधी नुसताच आजूबाजूपेक्षा गडद दिसतो. त्यामुळे डोळ्यांपेक्षा बोटावर विसंबा. स्वच्छ हाताने डागावरून हलकं बोट फिरवायचं. प्लेटलेट कमी झाल्यावर जे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके येतात ते सपाट असतात, बोटाला लागत नाहीत. त्यांचीही कल्पना डॉक्टरांना द्यायचीच, पण बोटाखाली घट्ट गाठ लागली तर मामला वेगळा.

अशी प्रत्येक गाठ बुरशीचीच असते असं अजिबात नाही. सुडोमोनास नावाचा जिवाणू हुबेहूब असाच काळ्या मध्याचा डाग आणतो. औषधाची ॲलर्जी, नागीण, खुद्द ल्युकेमियाच्या पेशी कातडीत साचणं, यांतलं काहीही असू शकतं. पंचवीस वर्षं कातडी बघणारा डॉक्टरही नुसतं बघून छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून तुकडा काढावा लागतो, आणि तिथे घरच्यांशी माझी सगळ्यात जास्त बोलणी होतात.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" ही समजूत आपल्या भागात फार घट्ट आहे. इथे तर आपण कॅन्सरच्या गाठीला हातही लावत नसतो. जागा बधिर करायची, चार मिलिमीटर व्यासाची गोल धारेची नळी फिरवायची, शिसपेन्सिलीच्या जाडीपेक्षाही बारीक तुकडा निघतो. एखादा टाका, दाबून पट्टी. प्लेटलेट फार कमी असल्या तर आधी त्या चढवायच्या किंवा जास्त वेळ दाबून धरायचं. मामांच्या वेळी सिस्टरने दहा मिनिटं बोट हलवलं नाही.

तुकड्याचे दोन भाग व्हावे लागतात, आणि हे मी जिथे जाईन तिथे सांगत असते. एक भाग फॉर्मॅलिनच्या बाटलीत, पॅथॉलॉजीसाठी. दुसरा निर्जंतुक सलाईनच्या बाटलीत, कल्चरसाठी. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते. सगळा तुकडा त्याच बाटलीत गेला तर कल्चरवर काही उगवत नाही, आणि कोणती बुरशी आहे हे ओळखायची मोठी संधी हातची जाते. नातेवाइकांनी "कल्चरला वेगळा तुकडा पाठवलाय ना?" असं विचारलं तर कुठल्याही डॉक्टरला राग येऊ नये.

कल्चरला काही दिवस लागतात, पण तुकड्याचा कण पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली त्याच दिवशी बघता येतो. ॲस्परजिलस आणि फ्युजेरियमचे धागे बारीक, मध्ये पडदे असलेले, त्यांना निमुळत्या कोनात फांद्या फुटलेल्या. म्युकरचे धागे रुंद, रिबिनीसारखे दुमडलेले, पडदे जवळजवळ नाहीतच, फांद्या काटकोनाच्या आसपास. कँडिडाच्या गोल-लांबट पेशी आणि त्यांना फुटलेले कोंब. ॲस्परजिलस आणि फ्युजेरियम इथे वेगळे सांगता येत नाहीत. मामांच्या कल्चरमध्ये चार दिवसांनी विळ्याच्या पात्यासारखे वाकलेले बीजाणू दिसले, तेव्हा फ्युजेरियमवर शिक्कामोर्तब झालं.

एवढा आटापिटा अशासाठी की औषधं वेगवेगळी आहेत. रक्ताच्या कल्चरमध्ये ॲस्परजिलस जवळपास कधीच सापडत नाही, कँडिडा साधारण निम्म्याच वेळा. मग कातडीचा तो तुकडाच साक्षीदार. कँडिडाला कॅस्पोफंजिन किंवा मायकाफंजिन चालतं, लाइन काढावी लागते, डोळ्याचा पडदा तपासावा लागतो. ॲस्परजिलसला मुख्यतः व्होरिकोनॅझोल. तेच व्होरिकोनॅझोल म्युकरवर काम करत नाही. म्युकरला अँफोटेरिसिन आणि मेलेला भाग कापून काढणं. फ्लुकोनॅझोल, जे गजकर्णासाठी आपल्याकडे हातोहात खपतं, ते ॲस्परजिलस, म्युकर, फ्युजेरियम यांतल्या एकावरही चालत नाही.

अँफोटेरिसिन हे व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जंतूपासून १९५० च्या दशकात मिळालेलं औषध. मातीतल्या बुरशीवर मातीतलाच उतारा. ते चढत असताना थंडी वाजून अंग थडथडू शकतं, किडनीवर भार येतो, पोटॅशियम उतरतं, म्हणून रोज रक्त तपासतात. वारंवार सुया टोचतात म्हणून घरच्यांनी चिडू नये. व्होरिकोनॅझोलने काही जणांना थोडा वेळ रंग वेगळे दिसतात, उजेड डोळ्यांवर येतो, आणि कातडी उन्हाने पटकन भाजते. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापूरच्या उन्हात ही गोष्ट किरकोळ नाही: पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, टॉवेल, आणि दुपारी घरातच.

यात सगळ्यात मोठं औषध म्हणजे स्वतःच्या पेशी परत येणं. औषध बुरशीला रोखून धरतं, पण निकाल बहुतेक वेळा पेशींवर लागतो. त्या आल्याच नाहीत तर चांगली औषधं देऊनही माणसं जातात, हे मी पाहिलंय. पेशी वर येऊ लागल्या की जुने डाग अचानक जास्त लाल, सुजलेले दिसतात. घाबरून औषध बंद करू नका. फौज पोचल्याचीही ती खूण असू शकते, फक्त खात्री डॉक्टरांना करू द्या.

बार्शीत ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली, इतका हा आजार आपल्या जिल्ह्याच्या ओळखीचा आहे. आता बरेच जण केमो घेऊन दोन कोर्सच्या मधल्या काळात करमाळ्याला, सांगोल्याला, अक्कलकोटला घरी जातात. म्हणून घरच्या माणसाचे डोळे महत्त्वाचे. आंघोळीच्या वेळी रोज एकदा सगळं अंग बघा: पायाच्या बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, जांघा, छातीखालच्या घड्या, पाठ, लाइनची जागा. मोबाइलच्या टॉर्चने टाळू आणि नाकपुड्या. नवीन डाग दिसला तर शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, पेनाने कडेने रेघ मारून वेळ लिहा. हळद, चुना, मशेरी, कोणताही लेप नको, पिळायचं नाही, खपली काढायची नाही. केमो सुरू व्हायच्या आधीच खराब नखं आणि पायाच्या भेगा डॉक्टरांना दाखवा. पेशी कमी असताना अनवाणी चालणं, कुंडीतली माती हलवणं, जुन्या धान्याची उपसाउपस आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतली धूळ टाळा.

ताप १००.४ च्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. फोनवर नुसतं "पुरळ आलंय" म्हटलं तर समोरचा उद्या या म्हणेल. "केमोचा अमुक दिवस आहे, पेशी कमी आहेत, ताप आहे, आणि कालपासून अंगावर दुखरी गाठ आहे" असं एका दमात सांगा.

मामांच्या पेशी बाविसाव्या दिवशी वर यायला लागल्या. अंगठ्याचं नख काढावं लागलं, पुढची केमो लांबली, औषध महिनोन्‌महिने चाललं. परवा तपासणीला आले तेव्हा मांडीवरच्या गाठींच्या जागी फक्त बुडलेले पांढुरके वण होते. तूर यंदा पुतण्याला वाट्याने दिलीय म्हणाले. स्वतः बांधावर, लिंबाच्या सावलीत, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायात मोजे घालून बसतात, आणि मर लागलेलं झाड दिसलं की लांबूनच ओरडून पुतण्याला ते उपटायला सांगतात.